कॅलिफोर्नियात नोकरी गेल्यावर बेरोजगारी भत्ता कसा मिळवायचा

बे एरियातल्या मराठी माणसाचा लेऑफ झाला, की त्याच दिवशी लिंक्डइन झाडूनपुसून लख्ख होतं, जुन्या मॅनेजरांना मेसेज जातात आणि भारतात आईवडिलांना इतक्यात काही सांगायचं नाही हेही ठरतं. राज्याकडे बेरोजगारी भत्त्याचा अर्ज करणं मात्र राहून जातं. ‘महिन्याभरात दुसरी मिळेलच’ हे एक कारण. पण बऱ्याच घरांत खरं कारण संकोच हे असतं: सरकारचे पैसे कशाला घ्यायचे?

हा संकोच आधी बाजूला ठेवू. बेरोजगारी भत्ता म्हणजे विमा आहे, मदतनिधी नव्हे. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने या योजनेची चौकट घातली. ती चालवतात मात्र राज्यं, आपापल्या नियमांनी. कॅलिफोर्नियात कंपनी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर यासाठी कर भरते. तुमच्या नावाने हप्ता भरला गेलेला आहे. पे-स्टबवर ‘सीए एसडीआय’ म्हणून जी कपात दिसते ती वेगळी, ती आजारपणाच्या विम्याची. तिचा उल्लेख पुढे येईल.

दुसरी भीती ग्रीन कार्डची. सरकारवर भार पडणाऱ्याला कार्ड नाकारतात, ही ‘पब्लिक चार्ज’ची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. बेरोजगारी भत्ता त्यात मोजला जात नाही, कारण तो काम करून कमावलेला हक्क धरतात.

आधी बघा, तुम्ही बसता का

राज्याचं खातं म्हणजे एम्प्लॉयमेंट डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, सगळे ज्याला ईडीडी म्हणतात. ईडीडी ढोबळमानाने चार गोष्टी बघते: अलीकडच्या काळात पुरेसा पगार मिळाला होता का, नोकरी तुमच्या चुकीशिवाय गेली का, तुम्ही आत्ता काम करू शकता का, आणि उद्या काम मिळालं तर कायद्याने घेऊ शकता का. मराठी मंडळींचं घोडं बहुतेक वेळा या चौथ्या अटीवर अडतं, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

एच-१बीवर, म्हणजे एका ठरावीक कंपनीसाठीच्या कामाच्या व्हिसावर असाल, तर या भत्त्यावर भिस्त ठेवू नका. नोकरी संपल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात (आय-९४, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवरची मुक्कामाची मुदत, त्याआधी संपत असेल तर तेवढेच), पण त्या दिवसांत कोणाकडेही जाऊन काम सुरू करायची मुभा नसते. नव्या कंपनीने तुमच्यासाठी पिटिशन, म्हणजे तुम्हाला कामावर ठेवण्याचा इमिग्रेशनचा अर्ज, दाखल केल्यावरच ती मिळते. त्यामुळे ईडीडी बहुधा ‘कामासाठी उपलब्ध नाही’ म्हणून नकार देते. स्टेटस खरं लिहून अर्ज करणं हा गुन्हा नाही, पण त्या ६० दिवसांत तुमची ताकद दुसरीकडे लागायला हवी: नवी पिटिशन, स्टेटस बदलण्याचा अर्ज, नाहीतर परतीची तयारी. पिटिशनची मुदत संपायच्या आत कंपनीनेच काढलं असेल, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देणं तिच्यावर बंधनकारक आहे. हे एचआर आपणहून फारसं सांगत नाही. विचारा.

आता आपल्याकडे बरेचदा आढळणारं प्रकरण. नोकरी एच-१बीवर चालू आहे, पण मध्यंतरी ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आय-४८५, दाखल झाला होता आणि त्यावर मिळालेलं ईएडी कार्ड, म्हणजे काम करण्याचा परवाना, कपाटात पडून आहे. ‘मी तर एच-१बीवाला’ म्हणून हे लोक अर्जच करत नाहीत. पण मुदत शिल्लक असलेल्या ईएडीवर कोणाकडेही काम करता येतं, म्हणजे चौथी अट पुरी होते. एच-४ ईएडीवर किंवा एल-२वर (हे जोडीदारांना मिळणारे व्हिसा) काम करणाऱ्या जोडीदारालाही हेच लागू. फक्त एच-४ ईएडी जोडीदाराच्या एच-१बीवर उभं असतं. दोघांच्याही नोकऱ्या एकदम गेल्या असतील तर आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांचा हा प्रश्नच नाही.

ओपीटीवरच्या, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावरच्या मुलांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच, की त्यांना एकूण ९० दिवस बेरोजगार राहता येतं आणि स्टेम एक्स्टेन्शन (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर मिळणारी मुदतवाढ) असेल तर १५०. त्यांच्या भत्त्याचं उत्तर व्यक्तीगणिक बदलतं. आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोला.

कन्सल्टन्सीमार्फत काम करणाऱ्यांचा गोंधळ वेगळा असतो. पगार डब्ल्यू-२वर (कर्मचाऱ्याच्या पगाराचा कर-फॉर्म) मिळत असेल, प्रोजेक्ट संपला असेल आणि बेंचवर, म्हणजे पुढचा प्रोजेक्ट मिळेपर्यंत, पैसे मिळत नसतील, तर तुम्ही बेरोजगार आहात, मग कन्सल्टन्सीवाले ‘तू अजून आमचाच आहेस’ असं कितीही गोड बोलोत. १०९९वर (कंत्राटदाराचा कर-फॉर्म) किंवा स्वतःच्या एलएलसीतून, म्हणजे छोट्या कंपनीतून, बिल लावत असाल तर सहसा काही मिळत नाही. मात्र नावाला १०९९ आणि प्रत्यक्षात साहेबाच्या हाताखालची रोजची नोकरी असा प्रकार असेल तर अर्ज करा. खरा कर्मचारी कोण, हे ठरवणं ईडीडीचं काम आहे.

नोकरी का गेली, हे कसं सांगायचं

लेऑफ असेल तर प्रश्न मिटला. कामगिरीचं कारण देऊन काढलं असेल तरी घाबरू नका. काम जमलं नाही आणि जाणूनबुजून गैरवर्तन केलं, या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भत्ता अडतो तो गैरवर्तनाने. स्वतः राजीनामा दिला असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं: जोडीदाराची बदली, प्रकृती, असुरक्षित कामाची जागा, घरातला हिंसाचार असं काही. कारण पटलं नाही तर पुन्हा नोकरी करून साप्ताहिक भत्त्याच्या पाचपट तरी कमवेपर्यंत दार बंद राहतं.

‘राजीनामा दे, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं एचआरने सुचवलं तर सही करण्याआधी हा परिच्छेद आठवा. दिलीच असेल सही, तर अर्जात जे घडलं ते जसंच्या तसं लिहा: राजीनामा द्या नाहीतर काढतो असं सांगण्यात आलं होतं. अर्ज केल्यावर ईडीडी शेवटच्या कंपनीला पत्र पाठवते आणि उत्तराला १० दिवस देते. दोघांच्या हकिगती जुळल्या नाहीत तर मुलाखतीचा फोन येतो.

किती मिळेल

गणित बेस पिरियडवर चालतं. पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्या घ्या आणि त्यातली सगळ्यात अलीकडची सोडून द्या. उरलेल्या चार तिमाह्या म्हणजे बेस पिरियड. फेब्रुवारी २०२६मध्ये अर्ज केला तर १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५. मे २०२६मध्ये केला तर पूर्ण २०२५ साल.

या चारांपैकी ज्या तिमाहीत सर्वाधिक पगार झाला, त्याला साधारण २६ने भागलं की आठवड्याचा भत्ता निघतो. एका तिमाहीत ९,००० डॉलर असतील तर आठवड्याला सुमारे ३४६. कमीत कमी ४०, जास्तीत जास्त ४५०. ही ४५०ची मर्यादा २००५ सालापासून तिथेच आहे. सॉफ्टवेअरमधला जवळजवळ प्रत्येक जण थेट मर्यादेला टेकतो, म्हणजे महिन्याला १,८०० डॉलरच्या आसपास. सनीव्हेल किंवा फ्रीमाँटमध्ये एवढ्यात घरभाडंही निघत नाही. वर्षभराच्या मुदतीत असे जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतात, म्हणजे ११,७०० डॉलर. एकूण रक्कम बेस पिरियडच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त मात्र होत नाही. रक्कम मोठी नाही, पण वाणसामान, वीजबिल आणि गाडीचा हप्ता तिच्यातून सुटतो.

भारतातला पगार यात धरत नाहीत. त्यामुळे नुकतंच इथे काम सुरू केलेल्यांना बेस पिरियड रिकामा दिसतो. अशा वेळी ईडीडी पर्यायी बेस पिरियड बघते, त्यात शेवटच्या चार पूर्ण तिमाह्या धरतात. नोव्हेंबर २०२५मध्ये ईएडीवर पहिली नोकरी लागली आणि फेब्रुवारीत गेली, तर नोव्हेंबर-डिसेंबरचा पगार इथे कामी येऊ शकतो.

अर्ज भरताना

अर्ज ईडीडीच्या मायईडीडी या संकेतस्थळावर खातं उघडून तिथल्या यूआय ऑनलाइनमध्ये करायचा. क्लेम ज्या आठवड्यात अर्ज केला त्या आठवड्याच्या रविवारपासून सुरू होतो. महिनाभर ‘बघू’ म्हणत घालवला तर ते आठवडे हातचे गेले. मागच्या तारखेपासून धरा अशी विनंती करता येते, पण तिलाही सबळ कारण लागतं, आणि ‘लाज वाटत होती’ हे त्यात बसत नाही.

बसण्याआधी जवळ ठेवा: सोशल सिक्युरिटी नंबर, ड्रायव्हिंग लायसन्स, गेल्या १८ महिन्यांतल्या सगळ्या कंपन्यांची नावं, पत्ते, तारखा आणि करापूर्वीचा पगार, कामाचा शेवटचा दिवस, आणि नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड किंवा ईएडीचा नंबर व मुदत. कंपनीचं नाव डब्ल्यू-२वर आहे तेच लिहा. क्लायंटच्या बोर्डावरचं मोठं नाव इथे चालत नाही.

नावाबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण आपल्या लोकांचे क्लेम इथे फार लटकतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत अमेरिकन रकान्यांत नीट बसत नाही. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, लायसन्सवर मधलं नाव म्हणून, सोशल सिक्युरिटी कार्डावर गायबच. बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. कोविडच्या काळात खोट्या क्लेमचा पूर आला, तेव्हापासून ओळख तपासणी कडक झाली आहे, आणि ती संगणक करतो. त्याला देशपांडे आणि कुलकर्णी एकच बाई आहे हे कळत नाही. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच लिहा, आधीची नावं विचारली तिथे बाकीची द्या, आणि लग्नाचा दाखला स्कॅन करून ठेवा.

सेव्हरन्स (काढताना कंपनी देते ती रक्कम) मिळाला म्हणून अर्ज थांबवू नका. कॅलिफोर्नियात सेव्हरन्समुळे सहसा भत्ता कापला जात नाही. कायमचं काढल्यावर साठलेल्या रजेचे पैसे मिळतात, त्यांनीही सहसा फरक पडत नाही. दोन्ही रकमा विचारल्या की लिहा, निर्णय त्यांना घेऊ दे. मात्र ‘लॅपटॉप परत करा, पण दोन महिने पगार चालू राहील’ असा नोटिस पिरियड असेल, तर त्या तारखेपर्यंत तुम्ही पगारी कर्मचारीच आहात. एच-१बीचे ६० दिवसही सर्वसाधारणपणे पगाराच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात.

यानंतर टपालाने रकमेचं पत्र येतं. ते पाहून पेढे वाटू नका. तिमाहीवार पगार किती नोंदला आहे आणि त्यावर किती मिळू शकेल, एवढंच ते सांगतं. मंजुरी वेगळी. त्यातले आकडे पे-स्टबशी ताडून बघा आणि चूक असेल तर लगेच कळवा.

दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय

अर्ज एकदाच करायचा असला तरी पैसे आपोआप येत नाहीत. दर दोन आठवड्यांनी ऑनलाइन जाऊन मागच्या दोन आठवड्यांबद्दल ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची. आठवडा रविवार ते शनिवार. पहिला आठवडा वेटिंग वीक असतो. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण सर्टिफाय त्याचंही करावं लागतं. पहिली रक्कम यायला साधारण तीन आठवडे धरा. ती थेट बँकेत घेता येते किंवा कार्डावर.

प्रश्न साधे दिसतात आणि तिथेच घात होतो.

आजारी होतात का? फ्लूने तीन दिवस पडून होतात तर होय लिहा, त्या दिवसांपुरती कपात होईल. आजारपण लांबणार असेल तर मघाचं एसडीआय आठवा. तो वेगळा क्लेम आहे आणि त्याची साप्ताहिक मर्यादा ४५०हून कितीतरी वर आहे. एकाच काळासाठी दोन्ही घेता येत नाहीत.

पूर्णवेळ काम घ्यायला दुसरी काही अडचण होती का? इथे भारतवारी येते. नोकरी गेली की ‘आता वेळ आहे तर पुण्याला जाऊन येऊ, आईबाबांना भेटू’ हे अगदी स्वाभाविक आहे. जरूर जा. पण जे दिवस भारतात आहात, त्या दिवसांत तुम्ही इथल्या कामासाठी उपलब्ध नाही, त्यामुळे त्या आठवड्यांचा भत्ता मिळत नाही. ‘मी तिथून झूमवर इंटरव्ह्यू देतोय’ हा युक्तिवाद चालत नाही. कोथरूडच्या सोफ्यावरून सर्टिफाय करून सगळ्याला ‘नाही’ लिहिणाऱ्याचा लॉगिन कुठून झाला, हे दिसतं. परत आल्यावर क्लेम पुन्हा चालू करता येतो. उरलेली रक्कम क्लेमच्या वर्षात शाबूत असते.

काम शोधलंत का? होय, आणि पुरावा ठेवा. तारीख, कंपनी, पद, कुठून अर्ज केला, काय झालं. साधी एक्सेल शीट पुरते. कॅलजॉब्ज या राज्याच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर बायोडेटा टाकायला सांगतील तो टाका, आणि मार्गदर्शन सत्राला बोलावलं तर जा. ते चुकवलं तर पैसे अडतात. सत्रात मिळणारा सल्ला आयटीवाल्याला फारसा उपयोगी पडेलच असं नाही, पण हजेरी महत्त्वाची.

शाळा किंवा प्रशिक्षण सुरू केलंत का? रात्रीचा ऑनलाइन कोर्स असला तरी सांगा. पूर्णवेळ शिकायचं असेल तर कॅलिफोर्निया ट्रेनिंग बेनिफिट्स म्हणून सोय आहे. मंजूर प्रशिक्षण घेत असताना काम शोधायची अट शिथिल होते.

काही काम केलंत किंवा कमावलंत का, पैसे मिळाले असोत वा नसोत? शेवटचे शब्द पुन्हा वाचा. मित्राच्या स्टार्टअपमध्ये ‘सध्या फुकट हात लावतोय’ हेही काम आहे. गणपतीला मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या, मुलांच्या शिकवण्या केल्या, तेही. पैसे हातात आले त्या आठवड्यात नाही, तर काम केलं त्या आठवड्यात आणि कर कापण्याआधीची रक्कम लिहायची. लिहिलं म्हणजे सगळा भत्ता जात नाही. कमाईतले २५ डॉलर किंवा २५ टक्के, यातली मोठी रक्कम सोडून देतात आणि बाकीची वजा करतात. ४५० भत्ता असताना एका आठवड्यात २०० कमावले, तर ५० सोडून १५० वजा, हाती ३००. म्हणजे भत्ता आणि कमाई मिळून ५००. खरं लिहिणारा तोट्यात जात नाही. लपवणाऱ्याला घेतलेली रक्कम आणि वर ३० टक्के दंड भरावा लागतो, शिवाय पुढचे काही आठवडेही कापले जातात.

भत्त्यावर कॅलिफोर्निया कर घेत नाही, केंद्र सरकार घेतं. १० टक्के आधीच कापून घ्यायचा पर्याय निवडा. जानेवारीअखेर १०९९-जी हा भत्त्याचा कर-फॉर्म येतो, तो रिटर्नमध्ये धरा. जोडीदाराचा पगार चालू असेल तर एप्रिलमध्ये हा कर चांगलाच बोचतो.

नकार आला तर

पत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येतं. पत्र हातात पडल्याची तारीख धरू नका. दोन ओळी पुरतात: हा निर्णय मान्य नाही, कारण अमुक. अपील प्रलंबित असताना दर दोन आठवड्यांचं सर्टिफाय थांबवू नका. जिंकल्यावर पैसे मिळतात ते सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच.

सुनावणी वेगळ्या मंडळाचे न्यायाधीश घेतात, बऱ्याचदा फोनवर. शपथ असते, कंपनीचा माणूसही असू शकतो. ईमेल, लेऑफचं पत्र, चॅटचे स्क्रीनशॉट आधी पाठवा. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषा मोफत मागता येतो, त्यासाठी काही आईवडिलांच्या पिढीचंच असायला हवं असं नाही. इथेही हरलात तर अपील मंडळाकडे आणखी एक पायरी आहे, तिलाही ३० दिवस.

भत्त्याच्या गडबडीत आरोग्यविमा विसरू नका. कोब्रा (जुन्या कंपनीचाच विमा स्वतः हप्ता भरून चालू ठेवण्याची सोय) घ्यायचा की नाही हे कळवायला ६० दिवस असतात, आणि कव्हर्ड कॅलिफोर्निया या राज्याच्या विमा-बाजारातून नवा विमा घ्यायलाही ६० दिवसच. कोब्राचा हप्ता बघून डोळे पांढरे होतात, म्हणून दोन्हींची तुलना करा. कव्हर्ड कॅलिफोर्नियात उत्पन्न सांगताना भत्ताही धरायचा असतो.

दुसऱ्या राज्यात असाल तर हेच आकडे वापरू नका. न्यू जर्सीत कर्मचाऱ्याच्या पगारातूनही या विम्यासाठी कपात होते आणि भत्ता कॅलिफोर्नियाहून बराच जास्त मिळतो. फ्लोरिडात मुदत १२ आठवड्यांपासून सुरू होते. अर्ज जिथे काम केलं त्या राज्यात करायचा, आत्ता राहायला कुठे आहात तिथे नाही. दोन राज्यांत काम झालं असेल तर पगार एकत्र धरायची सोय आहे.

नवी नोकरी लागली की पहिल्या आठवड्याची कमाई, पगार अजून खात्यात आलेला नसला तरी, सर्टिफाय करताना लिहा आणि मग सर्टिफाय करणं बंद करा. वेगळं पत्र लिहून क्लेम बंद करायची गरज नाही. ती नोकरीही वर्षाच्या आत गेली, आणि अलीकडे तसं घडतं, तर नवा क्लेम न करता जुनाच पुन्हा उघडा. वेटिंग वीक एकदा होऊन गेलेला असतो, तो दुसऱ्यांदा लागत नाही.